जोतं, उंबरठा, न्हाणीघर: एका कोकणी घराच्या कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून थोडं आत, डोंगराच्या उतारावर. रस्त्यावरून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून अंगणात जायचं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं. पुढची पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. मागच्या पडवीच्या टोकाला न्हाणीघर आणि तिथून ३२ फुटांवर परसात संडास. दोन नारळ आणि एक फणस ओलांडून.

काका ८१ वर्षांचे, कंपवात (पार्किन्सन्स) आहे. काकी ७६, दोन्ही गुडघे गेलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हातारपणी दोघांना इथे स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून घरात बदल करायचे, हे माझं काम. मुलगा ठाण्याला. फोनवर त्याने यादी दिली होती: कमोड, रॅम्प, हॉस्पिटलसारखा पलंग, प्रत्येक खोलीत कॅमेरा. यादी लिहून घेतली आणि बाजूला ठेवली. पहिल्या दिवशी टेप, खडू आणि वही एवढंच बाहेर काढायचं, असा माझा नियम आहे.

माजघरातल्या चुन्याच्या भिंतीवर एक तपकिरी पट्टा आहे. काकींच्या पलंगापासून सुरू होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी संपतो. तेलकट हात टेकून टेकून झालेला. उंची जमिनीपासून ३१ इंच. दुसरे डाग दाराच्या चौकटींवर, ३६ इंचांवर, तिथलं लाकूड घासून गुळगुळीत झालंय. ते काकांचे. खडूने सगळ्यांभोवती गोल केले. काकी ओशाळल्या, म्हणाल्या, "भिंत पुसायची राहिलीय गो." त्यांना सांगितलं, काम संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

केंद्र सरकारची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये आली, त्यात कठड्याचे दोन दांडे सांगितलेत: ७६० आणि ९०० मिलिमीटर. म्हणजे ३० आणि साडेपस्तीस इंच. भिंतीवरची मापं जवळपास तीच निघाली. असं दर वेळी होत नाही. जुळलं नसतं तर मी भिंतीचं ऐकलं असतं.

१० फेब्रुवारी

रात्री तिथेच राहिले, कारण काकांना दोन वेळा बघायचं होतं. पहाटे गोळी घेण्याआधी आणि गोळी लागू पडल्यावर. कंपवाताच्या माणसाचं माप एकदाच घेऊन भागत नाही. नऊ वाजता ओटीवरून चालत येऊन माझ्याशी क्रिकेटवर बोलणारे काका पहाटे साडेपाचला माजघराच्या न्हाणीघराकडच्या सपाट दारात खिळून उभे होते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. काकी मागून "उजवा... उजवा..." म्हणत होत्या. घर पहाटेच्या काकांसाठी करायचं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसली. सपाट, अरुंद दारात ते अडकतात. पण पुढच्या पायऱ्या ते न थांबता चढले आणि माजघराचा पाच इंची उंबरठाही ओलांडून गेले. या आजारात हे नेहमी दिसतं. डोळ्यासमोर ओलांडायला काहीतरी असलं की पाऊल उचललं जातं. उलट उतारावर त्यांची पावलं लहान आणि भरभर होतात, तोल पुढे जातो. मुलाच्या यादीतला रॅम्प मी तिथल्या तिथे प्रश्नचिन्हात टाकला.

मापं: बसल्यावर गुडघ्यामागची उंची काकांची १८ इंच, काकींची १५. काकांचा पलंग १४ इंच उंच, म्हणून उठताना तीनदा झोके घ्यावे लागतात. काकींचा २१ इंच, पाय लोंबकळतात. दोघांनी पलंगांची अदलाबदल केली तर अर्धं काम फुकटात होईल, असं म्हटलं. काका म्हणाले, खिडकीकडचा पलंग माझा आहे. म्हणून पलंग जागेवर राहतील, सुतार पाय बदलेल.

१६ फेब्रुवारी

ठाण्याला व्हिडिओ कॉल. नेटवर्क फक्त अंगणात येतं, म्हणून तुळशीजवळ खुर्च्या टाकून बसलो.

मुलाचं म्हणणं, खर्च मी करतो, तर एकदाच सगळं होऊ दे. त्याचा जीव तुटतो हे कळतं. पण त्याच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी आई-वडिलांना दुसऱ्या कुणी सांभाळायला सोयीच्या होत्या, त्यांना स्वतःला करायला सोयीच्या नव्हत्या. हॉस्पिटलचा पलंग हे त्याचं उदाहरण. काका स्वतः उठू शकतात, फक्त उंची चुकलीय. अशा वेळी पलंग उठवायला लागला की माणूस उठणं विसरतो.

काकींना विचारलं, तुम्हाला काय काय स्वतः करायचंय? त्यांनी बोटांवर मोजलं: तुळशीला पाणी, देवपूजा, सकाळचा चहा, आणि आंघोळीला कुणाची मदत नको. काकांना विचारलं. बराच वेळ गेला, मग म्हणाले, "पुढच्या दाराने बाहेर जायचं." कामाची यादी याच पाच गोष्टींवरून केली. कॅमेऱ्यांवर चर्चा झाली, अंगणात एक चालेल असं ठरलं, आत नाही.

साधारण अंदाज १ लाख ९० हजार. त्यातले दीड लाख एकट्या न्हाणीघरालाच जाणार.

२२ फेब्रुवारी

पुढच्या पायऱ्या. जोतं २४ इंच, पायऱ्या तीन, प्रत्येकी ८ इंच, वरून झिजून बाहेरच्या बाजूला कललेल्या. १ः१२ चा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी असा रॅम्प करायचा तर २४ फूट लांब. अंगणात जागा आहे, पण मध्ये तुळशीवृंदावन, आणि काकांना उतार धोक्याचा. म्हणून चार पायऱ्या, प्रत्येकी ६ इंच, पाऊल ठेवायला १३ इंच, दोन्ही बाजूंना कठडा. पायरीच्या कडेला दोन इंचांची पिवळी पट्टी.

व्हीलचेअर कधी लागली तर? गोठ्याच्या बाजूला जमीन चढती आहे, तिकडून जोतं फक्त ११ इंच. ११ फुटांचा उतार तिथे बसतो. गवंड्याला म्हटलं, तो आत्ताच करून ठेव, गॅसचा सिलेंडर ढकलत आणायला तरी होईल. काकांनी स्पष्ट सांगितलं, मी गोठ्याकडून घरात येणार नाही. येऊ नका, पायऱ्या तुमच्याच आहेत, असं सांगून मिटवलं.

१ मार्च

उंबरठे. घरात चार. स्वयंपाकघराचा, मागच्या दाराचा आणि ओटीचा काढला. गवंड्याने खाली कोबा सारखा करून दिला, कुठेही १२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही. लेव्हलची नळी लावून मी स्वतः बघितलं.

माजघराचा उंबरठा ठेवला. शिसवी, पाच इंच. काकी रोज सकाळी त्यावर पाणी घालून हळद-कुंकू वाहतात, रांगोळी काढतात. त्याला हात लावायची भाषा केली असती तर पुढचं कामच थांबलं असतं, आणि त्यांचं बरोबर होतं. काकांना तो अडवत नाही, उलट मदत करतो. काकींना पाय उचलायला चौकटीला उभा दांडा हवा, तो दोन्ही अंगांना लावायचा. अंधारात दिसावा म्हणून मी पिवळी पट्टी लावणार होते. काकी म्हणाल्या, हळद लावतेच की रोज, थोडी जास्त लावीन.

पुस्तकाप्रमाणे हे चूक आहे. या घरात बरोबर आहे.

१२ मार्च

शिमगा. गवंडी, गडी, सुतार सगळे आपापल्या वाडीत. पालखी घरी येणार म्हणून अंगणातली वाळू आणि चिरे उचलून गोठ्यामागे नेले. पुढचा आठवडा काम बंद. कोकणात मार्चचं वेळापत्रक लिहिताना हे धरलं नाही तर दोष आपलाच.

२२ मार्च

भिंतीत दांडा कसा धरेल, याची चाचणी. शहरात साध्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून बसणारा बोल्ट) मारतात. चिरा सच्छिद्र असतो, ड्रिल मारलं की आतून भुगा होऊन भोक मोठं होतं. मागच्या पडवीच्या एका कोपऱ्यात दोन फास्टनर लावून बघितले. पाना फिरवला तसा एक नुसताच गरगर फिरायला लागला. दुसरा धरल्यासारखा वाटला, पण गवंड्याने दांड्याला लोंबकळून झटका दिल्यावर सुटून आला.

मग आरपार गेलो. १२ मिलिमीटरची आटे पाडलेली सळी भिंतीच्या पलीकडे काढून, तिकडून ६ इंची लोखंडी चौकोनी पत्रा आणि नट. बाहेरून दिसतं, शोभेचं नाही. पण त्यावर गवंडी आणि त्याचा गडी दोघं लोंबकळले, काही झालं नाही. आतल्या आडभिंतींना केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट मसाला भरून बसवलेली सळी, वापरायचा, आधी भोक ब्रशने आणि हवेने स्वच्छ करून. चिऱ्याची धूळ राहिली तर मसाला धुळीला चिकटतो, चिऱ्याला नाही.

संडासातला दांडा ऐन घसरण्याच्या क्षणी सगळं वजन एका झटक्यात घेतो. सकाळ-संध्याकाळ टॉवेल वाळत घालून तो पक्का आहे असं समजू नये. बाजारात काचेला चिकटवायचे, रबरी वाटीचे दांडे मिळतात. मुलाने असे दोन पाठवले होते. न वापरता परत दिले.

धातू कोणता यावर थोडं. खाडीची हवा खारी. ३०४ स्टीलवर इथे वर्षभरात तांबूस डाग पडतात, म्हणून न्हाणीघरात ३१६ घेतलं, महाग पडलं. माजघर आणि पडवीत लाकूड. सुताराकडे वाळलेला फणस होता, त्याचे गोल दांडे. नेहमीची जाडी ३८ मिलिमीटरच्या पुढे. काकींची मूठ लहान, बोटं संधिवाताने वाकडी, त्यांच्याकडून वेगवेगळ्या जाडीचे तुकडे पकडून घेतले. त्यांना ३२ चांगला बसतो. खालचा दांडा ३२ मिलिमीटर जाड, वरचा ३८. भिंतीपासून दोन इंच सुटा. कमी ठेवला तर बोटं सोलतात, जास्त ठेवला तर हात आत अडकून मनगट मोडतं.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारायला काका पुढच्या दारात आले. नव्या पायऱ्यांचा कोबा अजून ओला, म्हणून गवंड्याच्या फळीवरून.

५ एप्रिल

न्हाणीघर हा या कामाचा गाभा. संडास आत आणायचा हे मुलाने आणि मी गृहीत धरलं होतं. काकींनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. आज म्हणाल्या, "देवघराच्या भिंतीला लागून नको. एवढंच." नकाशा त्यांच्यासमोर जमिनीवर खडूने काढला, खऱ्या मापाचा. न्हाणीघराचं दार माजघराकडून बंद करून मागच्या पडवीतून काढलं. देवघर आणि कमोड यांच्यामध्ये आता पडवीची पूर्ण रुंदी येते. त्यांनी खडूच्या घरात उभं राहून बघितलं आणि होकार दिला. कागदावरचा नकाशा बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, जमिनीवरचा येतो. मी आता सगळीकडे असंच करते.

न्हाणीघर आधी ५ बाय ६ फूट. पडवीत दोन फूट सरकवून ७ बाय ६. आत पाच फुटांचं वर्तुळ बसतं, म्हणजे पुढे चाकाची खुर्ची आली तरी वळेल. दार २ फूट ३ इंचांचं होतं, नवी चौकट ३ फुटांची. दार बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला की त्याच्याच अंगाने दार अडतं आणि मदत पोचत नाही. कडी आतून आहे, पण बाहेरून नाणं घालून फिरवता येते.

८ एप्रिल

पाइपाचा उतार. सेप्टिक टाकी जुन्या संडासामागे, ठीक आहे. नवीन कमोडपासून ३२ फूट. १ः४० ने साधारण १० इंच उतरायला हवं. जमिनीचाच उतार तिकडे आहे, नशीब. प्लंबरला कमी उतार देऊन चर उथळ ठेवायचा होता, कारण मध्ये फणसाची मुळं. मुळं चुकवून वळसा घेतला, वळणावर चेंबर केलं. मुळं तोडायला काकांचा विरोध होता. फणस त्यांच्या वडिलांनी लावलेला.

१९ एप्रिल

न्हाणीघराच्या आतल्या गोष्टी, सुटं सुटं:

फरशी एक फुटाची, खरखरीत, मातकट रंगाची. लहान फरशीला सांधे जास्त, ओल्या पायाला पकड जास्त. भिंतीला पांढऱ्या टाइल्स, पण कमोडच्या मागे निळा पट्टा. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा कमोड मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला नीट सुटून दिसत नाही, माणूस अंदाजाने बसतो.

कमोडची उंची १६ इंच. काकांना १८ हवी, काकींना १५. उंच बसवला असता तर काकींचे पाय अधांतरी राहिले असते. पायाखाली पाट ठेवू म्हणाल्या, पण पहाटे काका त्याच पाटाला अडखळणार. मधली उंची घेतली आणि दोन्ही बाजूंना दांडे दिले, एक भिंतीला पक्का, दुसरा वर दुमडणारा. काकांना कमी पडणारे दोन इंच ते हातांवर जोर देऊन भरून काढतात.

आंघोळ. काकींना शॉवर नको, बादली आणि तांब्याच हवा. बसायला भिंतीला धरून सिमेंटचा ओटा, १६ इंच उंच, वर गुळगुळीत कडाप्पा नाही, खरखरीत कोटा फरशी. आणि बादलीसाठी वेगळा १२ इंचांचा चौथरा, उजव्या हाताला. बादली वर आली की तांब्या भरायला वाकावं लागत नाही. वाकूनच चक्कर येते आणि तोल जातो. साधी गोष्ट आहे, पण कुठल्याही कॅटलॉगमध्ये मला ती दिसलेली नाही, कारण ती कॅटलॉगं बादलीने आंघोळ करणाऱ्यांनी काढलेली नाहीत.

गरम पाणी. आत्तापर्यंत काकी पाणचुलीवर पाणी तापवून बादली उचलून न्हाणीघरात नेत. दहा लिटर म्हणजे दहा किलो, तेही कढत. १५ लिटरचा गीझर लावला, तापमान ५० अंशांच्या वर जाणार नाही असं ठेवलं. पण पावसात वीज दोन-दोन दिवस जाते. म्हणून तांब्याचा बंब न्हाणीघराच्या भिंतीबाहेर चौथऱ्यावर बसवला आणि त्याच्या तोटीपासून नळी आत बादलीवर आणली. लाकडं बाहेर, पाणी आत, उचलाउचल नाही.

३० तारखेला अक्षय्य तृतीया. त्या दिवशीच वापरायला सुरुवात करायची असं काकींनी ठरवलंय, तोवर जुना संडास.

१ मे

ग्रामसभा. पाखाडीचा विषय मांडायला गेले होते.

घर कितीही नीट केलं तरी रस्त्यापर्यंत पोचता येत नसेल तर काकांचं "बाहेर" अंगणात संपतं. पाखाडी चार फूट रुंद, चिऱ्याची, एक बाजू डोंगराला, दुसरी मोकळी. पायऱ्यांची उंची कुठे पाच इंच, कुठे नऊ. पायाला अंदाज येत नाही तो नऊपेक्षाही या बदलणाऱ्या मापामुळे. सात-आठ घरांची वाट आहे, त्यामुळे एकट्याच्या खर्चाने करता येत नाही आणि करूही नये.

माझी मागणी मोकळ्या बाजूला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा कठडा. एका आजोबांनी विचारलं, कठडा घातल्यावर तिरडी जाईल का? चार खांदेकरी आणि वळण. दुसरे म्हणाले, गणपती आणताना डोक्यावर मूर्ती घेतलेला माणूस कठड्याला अडेल. प्रश्न अगदी रास्त होते. खांब पायऱ्यांवर न रोवता कडेच्या बाहेर, गडग्यात (दगडी कुंपणात) रोवायचे, म्हणजे चार फूट पूर्ण मोकळे राहतात. ते पटलं. पाइप ग्रामपंचायत देणार, खड्डे आणि सिमेंट वाडीचं श्रमदान. गणपतीआधी करायचं ठरलं. लिहून घेतलं आहे, बघू.

बाहेर पडताना एकीने विचारलं, याला सरकारचे पैसे मिळतात का. घराच्या बांधकामाला नाही. पण ६५ वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर, मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३ हजार रुपये खात्यावर जमा होतात. त्यात काठी, वॉकर, कमोडची खुर्ची असं काही येऊ शकतं. परसातल्या भारतीय बैठकीवर कमोडची खुर्ची ठेवली तरी गुडघेवाल्या बाईचा मोठा प्रश्न सुटतो. सगळ्यांनी न्हाणीघर फोडायची गरज नाही.

११ मे

दिवे. वायरमनने जुनी बटणं साडेपाच फुटांवरून साडेतीन फुटांवर आणली. माजघराचा दिवा आता पलंगाजवळून आणि दारातून, दोन्हीकडून लागतो. न्हाणीघराला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), ओल्या जागेत त्याच्याशिवाय गीझर लावू नये.

साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. काकी संध्याकाळी ४० चा बल्ब लावून गहू निवडत होत्या आणि डॉक्टरने चष्मा चुकीचा दिला असं म्हणत होत्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि देवघरात वेगळे दिवे दिले. चष्म्याची तक्रार निम्म्यावर आली. रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत गुडघ्याच्या उंचीवर, हालचालीने लागणारे छोटे पिवळे दिवे. छतावरचा दिवा रात्री लावला की डोळे दिपतात आणि पुढची पाच मिनिटं आंधळी जातात. हे सगळे दिवे इन्व्हर्टरवर.

बोलवायची घंटा: दारावरची बिनतारी बेल असते तीच. बटणं तीन, एक काकांच्या पलंगाला, एक कमोडजवळ, एक आंघोळीच्या ओट्याजवळ जमिनीपासून एक फुटावर, पडलेल्या माणसाला हात पोचेल असं. घंटा शेजारच्या घरात. मोबाइल घरात चालत नाही, शेजारीण मात्र दिवसभर असते. तिने अट घातली की आवाज मंदिराच्या घंटेचा नको, दचकायला होतं. चिमणीचा ठेवला.

१८ मे

फिजिओथेरपिस्ट चिपळूणहून आल्या. माजघरात न्हाणीघराच्या वाटेवर, जिथे काका अडकतात, तिथे जमिनीवर आडव्या पट्ट्या लावायच्या होत्या. आधी चिकटपट्टीने तात्पुरत्या. अंतर १६ इंचांपासून सुरू केलं, काकांची पावलं बघत बघत १८ वर आलो. पहाटे, गोळीआधी. पहिल्या पट्टीपाशी थांबले, खाली बघितलं आणि पाऊल टाकलं. न्हाणीघराच्या दारापर्यंत काकींना एकदाही "उजवा" म्हणावं लागलं नाही.

लाल कोब्यावर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या पक्क्या केल्या. दाराच्या चौकटीतून दोन पलीकडे नेल्या. पट्ट्या दारातच संपल्या तर काकाही दारातच थांबतील. फिजिओबाईंनी बजावलं की आजार पुढे सरकला की अंतर कमी करावं लागेल. म्हणून रंग, टाइल नाही.

२६ मे

पाऊस. मिरगाला अजून दोन आठवडे, आणि २० तारखेपासून कोसळतोय. २४ ला कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, २५ ला मान्सून देवगडपर्यंत पोचला, आज मुंबईत. एरवी मुंबईत ११ जूनला येतो. आमचं आगोटीचं, म्हणजे पावसाआधीच्या कामांचं सगळं गणित जूनवर मांडलेलं. पडवीचा पत्रा, पन्हळ आणि बाहेरचा रंग राहिलाय.

त्यातली पन्हळ सगळ्यात महत्त्वाची. कौलांच्या पागोळ्या नेमक्या दुसऱ्या पायरीवर पडतात. जुनी पायरी तिथेच झिजली होती आणि तिथेच शेवाळ धरायचं. नव्या पायरीवरही चार दिवसांत हिरवी झाक आलीय. गवंड्याने भर पावसात गोणपाट पांघरून पन्हळीचे आकडे मारले. पत्रा उघडीप मिळाल्यावर. तोवर ब्लीचिंग पावडर आणि खराटा, एक दिवसाआड. हे काम काकींनी करायचं नाही, शेजारचा मुलगा करेल, त्याला महिन्याचे पैसे ठरवलेत. नुसत्या उपकारावर सोपवलेली कामं पावसाळ्याच्या मध्यावर बंद पडतात.

वीज तीन दिवस नव्हती. वाटेवरचे दिवे तिन्ही रात्री लागले. बंबाचं पाणी चाललं.

५ जुलै

फोनवर. काकी: आंघोळ एकटीने, तुळस रोज. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून चिरायला त्रास होतो. विळीवर जमिनीवर बसता येत नाही आणि सुरी त्यांना आवडत नाही. सुताराला सांगितलंय, विळी स्क्रूने टेबलावर बसवून द्यायची, पाटासकट, खुर्चीच्या उंचीला. पातं दुमडून त्यावर लाकडी टोपण.

काका: पायऱ्यांवर फक्त उजव्या हाताचा कठडा धरतात. चढतानाचा उजवा कठडा उतरताना डाव्या हाताला येतो, म्हणून दोन्ही बाजूंचे हवेतच.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीला घर भरलेलं होतं, काल विसर्जन. घराची खरी तपासणी त्या दिवसांत होते. न्हाणीघरातले दांडे डोंबिवलीहून आलेल्या साठीच्या दिरांनी काकांपेक्षा जास्त वापरले. कुणीतरी गर्दीत घंटेचं कमोडजवळचं बटण दिवा समजून दाबलं, शेजारीण दोनदा धावत आली. बटणावर लाल रंग लावायचा. दुमडणाऱ्या दांड्यावर मुलांनी झोका घेतला, खुंटी थोडी हललीय, सळी पुन्हा आवळायची.

पाखाडीचा कठडा वरच्या वळणापर्यंत झालाय. मूर्ती डोक्यावर घेऊन आली, कुठे अडली नाही. खालचा टप्पा, घराजवळचा, राहिला, पाइप संपले. पायऱ्यांची मापं अजून पाच ते नऊ इंचच आहेत. काका आरतीला ओटीवर उभे राहिले, विसर्जनाला मात्र अंगणातूनच परतले. चार जणांनी खुर्चीतून नेतो म्हटलं, तर नको म्हणाले.

मुलगा यावेळी यादी घेऊन आला नव्हता. पाखाडीच्या खालच्या टप्प्याचे चिरे मी देतो म्हणाला. पायऱ्यांना हात लावायचा तर वाडीची परवानगी हवी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अर्ज द्यायचा: पायऱ्या सगळ्या ६ इंचांवर, त्यामुळे संख्या वाढेल आणि पाखाडी साधारण सहा फूट लांबेल. ती वळणावर शेजाऱ्यांच्या गडग्यात शिरते का, हे त्याआधी मोजून घ्यायला हवं. गवंड्याला २० तारखेला बोलावलंय, लेव्हलची नळी घेऊन.